मिस रोझ बॉट: एमपीएससीच्या टेलिग्राम ग्रुपवर कितपत कामाचा, सविस्तर सांगते

टेलिग्रामवर अभ्यासाचा ग्रुप चालवणाऱ्या कुणालाही विचारा, सकाळी उठल्यावर पहिलं काम काय, तर रात्रीतून आलेला कचरा उचलणं. आमचा ग्रुप राज्यसेवा आणि कम्बाइनवाल्या पोरापोरींचा, काही हजार मेंबर, ॲडमिन चौघं, त्यातले दोघं नोकरीला लागलेत (मी पण, लिपिक आहे, हसू नका) आणि दोघांचे अटेम्प्ट अजून चालूच आहेत, त्यामुळे दिवसभर ग्रुपवर पहारा द्यायला कुणालाच वेळ नाही. म्हणून बॉट लावला, म्हणजे ग्रुपवर बसून आपोआप राखण करणारा प्रोग्राम. नाव मिस रोझ. टेलिग्रामच्या जगात हा बॉट बऱ्यापैकी प्रसिद्ध आहे आणि फुकट आहे, तरी मराठी ग्रुपवाल्यांसाठी कुणी नीट लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हे लांबलचक.

आधी कचरा कुठला ते सांगते, कारण त्यावरच सगळं ठरतं. एक नंबर म्हणजे "पेपर मिळेल, फक्त सिरीयस लोकांनीच मेसेज करा, निम्मे पैसे आधी". परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हे नुसतं उतू जातं. दुसरं बेटिंग ॲप आणि टॉसच्या टिपा, आयपीएल आली की विचारूच नका. तिसरं ते "घरबसल्या व्हिडिओ लाइक करा आणि पैसे कमवा"वालं, ज्यात सुरुवातीला खरंच शेदोनशे रुपये देतात आणि मग "प्रीपेड टास्क"च्या नावाखाली हजारो काढून घेतात. चौथं शेअर बाजार आणि क्रिप्टोचे गुरू. पाचवं गोऱ्या बाईचा फोटो लावलेलं प्रोफाइल, जे नुसतं "हाय" म्हणतं. सहावं आपलेच क्लासवाले, टेस्ट सिरीजचे फॉरवर्ड, दर तासाला. आणि सातवं म्हणजे आपलेच मेंबर, आपसात भांडणारे, पण त्याला कचरा म्हणायचं का हा वेगळा प्रश्न आहे, त्यावर नंतर येते.

पेपरवाल्यांना हसण्यावारी नेऊ नका बरं का. २०२४ च्या जूनमध्ये यूजीसी नेट १८ तारखेला झाली आणि १९ ला रद्द झाली, देशभरातली लाखो पोरं लटकली, आणि नंतर सीबीआयच्या तपासात टेलिग्रामवर फिरलेला तो स्क्रीनशॉटच फेरफार केलेला निघाल्याच्या बातम्या आल्या. २०२५ च्या नीटच्या (मेडिकलची प्रवेश परीक्षा) आधी तर ती घेणाऱ्या एनटीएने खोटे दावे करणारी १०६ टेलिग्राम आणि १६ इन्स्टाग्राम चॅनेल शोधल्याचं स्वतः जाहीर केलं होतं. म्हणजे असला एक मेसेज आपल्या ग्रुपवर रात्रभर पडून राहिला तर सकाळपर्यंत तो दहा ग्रुपांत गेलेला असतो, आणि शिवाय अभ्यासाचं टेन्शन घेतलेलं एखादं पोर पैसे पाठवून बसलेलं असतं.

तर बॉट. लावायला सोपा आहे, सर्चमध्ये नाव टाकायचं, ग्रुपमध्ये घ्यायचा आणि ॲडमिन करायचा. इथेच एक गोष्ट, ॲडमिन करताना सगळ्या टिका ठोकून मोकळे होऊ नका. मेसेज डिलीट करणं आणि मेंबरला बॅन करणं एवढे अधिकार पुरतात, नवीन ॲडमिन नेमायचा अधिकार बॉटला कशाला हवाय. आणि हेही लक्षात घ्या की ॲडमिन केलेल्या बॉटला ग्रुपमधला प्रत्येक मेसेज दिसतो, त्याशिवाय तो गाळणार कसा, पण म्हणजे कुणाचा हॉल तिकिटाचा फोटो, फोन नंबर, सगळंच परक्या कुणाच्या तरी सर्व्हरवरून जातं. आमच्या ग्रुपवर अभ्यासाशिवाय काही नसतं म्हणून आम्ही चालवून घेतलं. सोसायटीचा किंवा नातेवाईकांचा ग्रुप असता तर मी दहादा विचार केला असता.

कमांड सगळ्या इंग्रजीत टाइप करायच्या. शिकायला एक संध्याकाळ जाते. मदतीची पानं मात्र नीट लिहिलेली आहेत, उदाहरणं आहेत, आणि चुकीचं काही टाइप केलं तर बॉट गप्प न बसता काय चुकलं ते सांगतो. आमचे सर म्हणायचे तसं, प्रश्न नीट वाचला की निम्मं उत्तर येतं.

आता कॅप्चा. नवीन माणूस आत आला की रोझ त्याचं तोंड बंद करते आणि एक बटण दाबायला सांगते, दाबलं तर बोलता येतं. बटणाऐवजी छोटं गणित किंवा चित्रातली अक्षरं ओळखायला पण लावता येतं. आम्ही गणित लावून बघितलं तर पोरं ग्रुपवर यायच्या आधीच चिडायला लागली, "सीसॅट इथेही आहे का" म्हणून एकाने दुसऱ्या ॲडमिनला विचारलं (सीसॅट म्हणजे राज्यसेवेतला गणित-बुद्धिमत्तेचा पेपर), मग साध्या बटणावर आलो. फायदा? यंत्राने घुसवलेली खाती, जी झुंडीने येतात आणि दोन मिनिटांत लिंक टाकून पसार होतात, ती जवळजवळ सगळी इथेच अडकतात. पण टास्कवाले आणि पेपरवाले हे जिवंत लोक असतात, पगार घेऊन बसलेले, त्यांना बटण दाबायला काय जातंय. त्यामुळे कॅप्चा लावला म्हणजे झालं असं कुणी सांगत असेल तर त्याचा ग्रुप अजून लहान आहे.

खरी मजा पुढे आहे, लॉकमध्ये. रोझमध्ये मेसेजच्या प्रकारावर कुलूप घालता येतं. लिंक असलेला मेसेज, दुसऱ्या चॅनेलवरून फॉरवर्ड केलेला मेसेज, दुसऱ्या ग्रुपचं आमंत्रण, फोन नंबर, स्टिकर, कॉन्टॅक्ट कार्ड, बटणं लावलेला मेसेज, पोल, व्हॉइस, काय वाट्टेल ते. प्रकारांची यादी बघाल तर अबब म्हणाल. आम्ही लिंक, चॅनेलचे फॉरवर्ड, आमंत्रणं आणि बॉट आत आणणं एवढ्याला कुलूप घातलं आणि कचऱ्याचा मोठा हिस्सा त्याच दिवशी गेला. कारण साधं आहे, स्पॅमवाल्याला तुम्हाला इथून दुसरीकडे न्यायचं असतं, त्याच्या चॅनेलवर, त्याच्या ॲपवर, त्याच्या नंबरवर. इथे बसून गप्पा मारण्यात त्याला काडीचा रस नाही. न्यायचा रस्ताच बंद केला की तो काय भाषेत बोलतोय, कुठल्या लिपीत बोलतोय, याच्याशी आपल्याला देणंघेणं उरत नाही.

मग खऱ्या लिंकांचं काय? त्यासाठी अलाउलिस्ट आहे. आयोगाची साइट, पीआयबी (केंद्र सरकारची अधिकृत बातम्या देणारी साइट), राज्य शासनाची साइट, असे मोजके पत्ते आत टाकून ठेवले, ते चालतात, बाकीचे उडतात. आणि जुने भरवशाचे मेंबर, जे रोज चालू घडामोडींच्या बातम्या टाकतात, त्यांना "अप्रूव्ह" करून ठेवता येतं, मग कुलपं, शब्दयादी, वेगाची मर्यादा, यातलं काहीच त्यांना लागू होत नाही. ही सोय मला सगळ्यात जास्त आवडली. फक्त अप्रूव्ह करताना हात जरा आखडता घ्या, कारण अशा जुन्या मेंबरचं खातं हॅक झालं की त्या खात्यावरून काहीही टाकलं तरी बॉट ढुंकून बघणार नाही.

इथपर्यंत पाचपैकी पाच. आता शब्दांची यादी, म्हणजे ब्लॉकलिस्ट, आणि इथे मराठी ग्रुपवाल्यांनी कान उघडे ठेवून वाचा.

ब्लॉकलिस्टमध्ये तुम्ही शब्द टाकता, तो शब्द आला की मेसेज जातो, वाटलं तर सोबत वॉर्निंग, म्यूट किंवा बॅन. शब्दाच्या शेवटी चांदणीचं चिन्ह (*) टाकलं की त्यापुढे काहीही जोडलेलं असलं तरी शब्द पकडला जातो, सुरुवातीला टाकलं तर आधीचं. कुठल्याही बॉटवर हे असंच असतं थोड्याफार फरकाने. इंग्रजी ग्रुपवर ठीक आहे. पण आपला सिलॅबस बघा. शिव्या आणि अश्लील शब्द गाळायचे म्हणून दोन्ही बाजूंना चांदणी लावून "लिंग" टाकलं, तर व्याकरणाचा अख्खा धडा गेला, पुल्लिंग स्त्रीलिंग नपुंसकलिंग, त्यापाठोपाठ लिंग गुणोत्तर (२०११ ची जनगणना, महाराष्ट्र ९२९, पाठ असेल सगळ्यांना), आणि ज्योतिर्लिंगांचा प्रश्न टाकणारा बिचारा वॉर्निंग खाऊन बसणार. "रेप" पुढे चांदणी टाकली तर रेपो रेट गेला, म्हणजे रिझर्व्ह बँकेचं पतधोरण ज्या दिवशी येतं त्या दिवशी ग्रुप मुका. "लैंगिक" टाकलं तर पॉक्सो २०१२ वर कुणी बोलायचंच नाही. "जुगार" टाकलं तर जुगार प्रतिबंधक कायदा १८८७, "दारू" टाकलं तर दारूबंदी कायदा १९४९. खात्याच्या परीक्षेवाले तर रडतीलच.

पैशाच्या बाजूला या. लोनवाले फार झाले म्हणून "कर्ज" पुढे चांदणी, तर पीककर्ज लिहिणाऱ्याचं पहिलं अक्षर वेगळं म्हणून ते कदाचित वाचेल, पण कर्जमाफी गेली, कर्जरोखे गेले आणि कर्जत पण गेलं, तेही दोन्ही, रायगडचं आणि अहिल्यानगरचं. "बेट" टाकलं बेटिंगसाठी, तर भूगोलातलं माजुली बेट पाण्यात. "शेअर" टाकलं तर "नोट्स शेअर करा" म्हणणारा प्रत्येक जण गुन्हेगार, आणि आमच्या ग्रुपवर दर तिसरा मेसेज तोच असतो. "डीएम करा" पकडायला "डीएम" टाकलं तर यूपीएससीवाल्यांचा जिल्हाधिकारी घरी. हे सगळं तुमच्या ग्रुपवर पोरांवर करून बघू नका, बॉट आणि तुम्ही असा रिकामा ग्रुप काढा आणि मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका त्यात पेस्ट करत बसा, कुठला प्रश्न उडतोय ते लगेच कळतं. आम्ही यादीतला प्रत्येक शब्द असाच तपासून घेतो.

हा काही फक्त आपलाच त्रास नाही म्हणा. १९९६ साली इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट कंपनीकडे खातंच उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक इंग्रजी शिवी बसलेली होती. तेव्हापासून या प्रकाराला त्या गावाचंच नाव पडलंय. आपलं कर्जत त्या मानाने सुखी.

उलटी बाजू पण आहे, म्हणजे जे पकडायचं ते निसटतं. मराठीत शब्द एका रूपात बसतच नाही ना. "पैसे" अडवलं तरी पैशांचं, पैशात, पैशाला हे सगळे निवांत आत येतात कारण मधलं अक्षरच बदलतं. बेटिंग कुणी ऱ्हस्व लिहितं कुणी दीर्घ. घरबसल्या, घर बसल्या, घरी बसून. त्यात निम्मा स्पॅम इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीत, आणि तिथे एकाच शब्दाची पाच स्पेलिंगं. आणि एक गंमत जी मला आमच्या कॉम्प्युटरवाल्या ॲडमिनने दाखवली, "ॲप" हा शब्द फोनवर दोन तऱ्हेने लिहिला जातो, एकात ॲ हे एकच अक्षर असतं (युनिकोड या संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीत २००८ साली आलं) आणि दुसऱ्यात अ काढून त्याच्यावर चंद्र ठेवलेला असतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, मशीनला दोन वेगळे शब्द. एक अडवला तरी दुसरा हसत आत. ऱ्या चंही तेच, तुमच्या कीबोर्डवर आणि माझ्या कीबोर्डवर आतून वेगळी अक्षरं जाऊ शकतात. म्हणून यादीत टाकायचंच असेल तर दोन्ही कीबोर्डवरून एकेकदा टाका.

स्वतःचा बॉट लिहिणाऱ्यांसाठी जाता जाता, पायथनच्या साध्या रेजेक्समध्ये (मजकुरात शब्दांचे नमुने शोधायची सोय) काना-मात्रा शब्दाचा भाग धरतच नाहीत, म्हणजे "शब्द इथे संपला" अशी जी खूण असते ती कान्याच्या आधीच लागते, आणि "कर" शोधायला सांगितलं तर "करा" मध्येही सापडतो. मग अर्थव्यवस्थेतला कर शोधत बसा.

मग आमच्या यादीत आहे काय? खूप थोडं. बेटिंग, त्याच्या सगळ्या स्पेलिंगांसह. "घरबसल्या" चे प्रकार. "पेपर मिळेल", "पेपर भेटेल", "पेपर पाहिजे असेल तर", अशी दोन-तीन शब्दांची जोडलेली वाक्यं, कारण नुसता "पेपर" तर आमचा श्वास आहे. काही ॲपची नावं. संपलं. शिक्षा पण फक्त डिलीट, बॅन नाही, कारण कुणी तरी बिचारा "हा फ्रॉड आहे का बघा" म्हणून तोच मेसेज कॉपी करून विचारत असतो. त्याला बॅन करणं म्हणजे सावध माणसालाच बाहेर काढणं. आणि लॉग चॅनेल लावून ठेवा, रोझ काय काय करते त्याची नोंद तिथे पडत राहते, आठवड्यातून एकदा त्यावरून नजर फिरवली तरी पुरतं.

फेडरेशनबद्दल बोलायलाच पाहिजे, कारण दुसऱ्या ॲडमिनांशी बोलताना सगळ्यात जास्त वाद यावरच होतात. हे असं, की पाच-दहा ग्रुप मिळून एक फेडरेशन करतात आणि एका ठिकाणी फेडरेशनची बंदी घातली की ती सगळीकडे लागू होते. पुण्यातल्या ग्रुपवर पकडलेला पेपरवाला लातूरच्या आणि नागपूरच्या ग्रुपवर दुसऱ्या मिनिटाला पोचायच्या आत बाहेर. कल्पना फर्मास आहे, आणि पेपरवाल्यांसाठी खरंच चालते. पण एखाद्या ॲडमिनला कुणाचा राग आला, कुणी त्याच्या ओळखीच्या क्लासची टेस्ट सिरीज भंगार आहे म्हणाला, आणि घातली बंदी, की तो पोरगा एका रात्रीत सगळ्या ग्रुपांना मुकला, परीक्षा तोंडावर असताना. त्याला कळतही नाही दाद कुणाकडे मागायची. आम्ही फेडरेशनमध्ये आहोत, पण अट घालून, कारण लिहिल्याशिवाय बंदी नाही, आणि कारण एक तर पैशाची फसवणूक किंवा अश्लील मजकूर, बाकी भांडणं आपापल्या ग्रुपात मिटवा. तुम्ही सामील होताना फेडरेशनचा मालक कोण आहे ते आधी बघा. क्लासवाला असेल तर नमस्कार करून परत फिरा.

आता जे रोझला आणि असल्या शब्दयादीवाल्या बॉटांना जमत नाही ते. चित्रात लिहिलेला मजकूर. जाहिरात फोटो करून टाकली की शब्दयादी आंधळी. फोटोलाच कुलूप घालता येतं, पण मग गणितं सोडवून वहीचे फोटो टाकणारी पोरं काय करणार. दुसरं म्हणजे पर्सनल मेसेज. हा सगळ्यात वाईट. ग्रुपमध्ये एक शब्द न बोलता मेंबरांची यादी काढायची आणि एकेकाला गाठायचं, त्यात मुली असतील तर वेगळाच ताप, आणि कहर म्हणजे ॲडमिनचाच फोटो आणि नाव लावून "फी भरा, व्हीआयपी ग्रुपमध्ये घेतो" म्हणायचं. बॉट ग्रुपच्या भिंतीच्या आतच बघतो, तिथे काय चाललंय त्याचा त्याला पत्ता नाही. त्यावर टेलिग्रामच्या सेटिंगमध्ये मेंबरांची यादी लपवायची सोय आहे, ती चालू करा, आजच करा. आणि ग्रुपवर वर पिन करून ठेवा की कुठलाही ॲडमिन स्वतःहून पैसे मागत नाही, आणि कुणाचे गेलेच तर लाजत बसू नका, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

तिसरं म्हणजे भांडणं. आरक्षण हा शब्द आमच्या सिलॅबसमध्ये आहे, कलम १५, कलम १६, १०३ वी घटनादुरुस्ती, आणि तोच शब्द भांडणातही आहे. कटऑफ लागला की रात्री अकराला सुरू होतं आणि दोनपर्यंत चालतं. तिथे कुठला शब्द अडवणार? दोघंही राज्यघटनेचीच कलमं एकमेकांच्या अंगावर फेकत असतात. याला एकच उपाय कामी आला, टेलिग्रामचा स्लो मोड, म्हणजे एका माणसाने एकदा बोललं की पुढचं बोलायला थांबायचं, काही सेकंदांपासून एक तासापर्यंतचे ठराविक पर्याय मिळतात. पंधरा मिनिटांवर ठेवला की शिव्या द्यायची हौस फिटते. माणूस थांबला की निदान टाइप केलेलं परत वाचतो तरी. मेसेज आम्ही कुणाचे उडवत नाही, फक्त वेग कमी करतो, आणि मला वाटतं हेच बरं, कारण उद्या अधिकारी होणार असतील तर हे वाद त्यांना घालता आलेच पाहिजेत, जरा सावकाश घाला एवढंच.

पीडीएफचा वेगळाच विषय. क्लासच्या नोट्स, पुस्तकांचे स्कॅन, टेस्ट सिरीजचे पेपर, पोरांना हे स्पॅम वाटतच नाही, उलट "देव माणूस" म्हणतात टाकणाऱ्याला. पण ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका शिक्षिकेच्या दाव्यात टेलिग्रामला सांगितलं होतं की तिचं साहित्य चोरून टाकणाऱ्या चॅनेलवाल्यांचे तपशील द्या, आणि टेलिग्रामने ते दिलेही. तेव्हा "टेलिग्रामवर कोण बघतंय" हा भ्रम सोडा. रोझमध्ये डॉक्युमेंटला कुलूप आहे, आम्ही ते घातलंय, आयोगाच्या जाहिराती आणि जुन्या प्रश्नपत्रिका ॲडमिन स्वतः टाकतात. यावरून आम्हाला सगळ्यात जास्त शिव्या पडल्या. मेंबर पण कमी झाले. गेले ते गेले.

दुसरं काही आहे का बाजारात? टेलिग्रामचं स्वतःचं "ॲग्रेसिव्ह" अँटी-स्पॅम आहे, २०२२ च्या शेवटी आलं, २०० च्या वर मेंबर असले की ग्रुपच्या सेटिंगमध्ये दिसतं. एक बटण, शिकायला काही नाही, बाहेरच्या कुणाला मेसेज दाखवायची गरज नाही. काय उडवलं ते "रिसेंट ॲक्शन्स" मध्ये ४८ तास दिसतं आणि चुकून उडवलं असेल तर तिथूनच कळवता येतं. शंभर-दोनशे पोरांचा साधा ग्रुप असेल तर मी म्हणेन तो दोनशेच्या वर जाईपर्यंत हातानेच साफ करा, मग हे बटण लावा, रोझच्या भानगडीत पडू नका. आम्ही दोन्ही लावलंय. मध्यंतरी एक पैसे घेणारा बॉट पण वापरला होता, नाव घेत नाही, महिन्याची वर्गणी होती आणि कुणाला हाकललं की खाली स्वतःची जाहिरात चिकटवायचा, म्हणजे कचरा उचलायचे पैसे द्या आणि वर त्याचाच कचरा बघा. वर्गणी संपली तशी परत भरली नाही.

फेसबुकच्या ग्रुपांना ॲडमिन असिस्ट आहे, नियम लावून पोस्ट आपोआप नाकारता येतात, ठराविक शब्द, लिंक, नवं खातं वगैरे. शब्दांची रड तिथेही तीच. तिथलं आत येताना विचारायचे प्रश्न मला फार आवडतात, "कुठल्या परीक्षेची तयारी करता" याचं उत्तर स्पॅमवाला धड देऊच शकत नाही.

व्हॉट्सॲपवाले मला हमखास विचारतात की आमच्याकडे चालेल का. नाही चालणार. तिथे मेसेज एन्क्रिप्टेड, शब्दांवर गाळणारा बॉट ग्रुपवर बसवायची सरळ सोय नाही, १०२४ मेंबरांची मर्यादा, आणि तुमच्या हातात एवढंच की ॲडमिनने मेसेज उडवायचा, नव्या माणसाला मंजुरी लावायची किंवा फक्त ॲडमिन बोलतील असं करून टाकायचं. आणि "ग्रुपवर कुणी काही टाकलं तर ॲडमिनला आत टाकतात" म्हणून जे घाबरून ग्रुप बंद करतात त्यांच्यासाठी, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितलंय की मेंबरने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचं आधीपासून ठरलेलं नसेल तर, नुसता ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. पॉलिटीवाल्यांनो, मुलाखतीत विचारलं तर सांगा.

एक गोष्ट मात्र मला कुठेच मिळाली नाही, आणि ती चाळीस वर्षांपूर्वी होती. यूझनेट नावाचा प्रकार होता, इंटरनेट घराघरात यायच्या आधीचे चर्चेचे ग्रुप, त्यात मराठी लोकांचा पण एक होता, सॉक.कल्चर.इंडियन.मराठी. तिथे ते वाचायचं जे सॉफ्टवेअर होतं, लॅरी वॉलने १९८४ मध्ये काढलेलं आरएन, त्यात किल फाइल असायची. ज्याची त्याची स्वतःची. मला हा माणूस नको, मला हा विषय नको, लिहून ठेवलं की मला दिसणार नाही, बाकीच्यांना दिसेल. (१९९४ मध्ये दोन अमेरिकन वकिलांनी ग्रीन कार्डची जाहिरात पाच हजारांवर ग्रुपांत टाकली तेव्हा लोकांनी काय काय शिव्या घातल्या असतील, आपल्या क्लासवाल्यांचे ते पूर्वजच.) आपल्याकडे सगळं उलटं झालंय, गाळायचं ते ॲडमिनने आणि सगळ्यांसाठी एकच. आमच्यातल्या अर्ध्यांना चालू घडामोडी हव्यात, अर्ध्यांना त्यांचा वीट आलाय, यावर बॉटकडे उत्तर नाही. टेलिग्रामच्या टॉपिक्समुळे थोडं भागतं, विषयवार खण पाडले आणि नको तो म्यूट केला, पण एखाद्या माणसाचे मेसेज मला एकटीला ग्रुपात दिसू नयेत, हे काही साधत नाही. असे तीन-चार नमुने आमच्याकडे आहेत. नावं त्यांना माहीत आहेत.

तर स्टार द्यायचे तर कुलपं, अलाउलिस्ट आणि अप्रूव्ह यांना पाचपैकी पाच, कॅप्चाला चार, फेडरेशनला संगत बघून, शब्दयादीला मराठी ग्रुपसाठी दोन. एकूण चार धरा, फुकट आहे म्हणून कुरकुर नाही. लावायचाच असेल तर परीक्षा झाल्यावरच्या आठवड्यात लावा, तेव्हा ग्रुप शांत असतो आणि पोरं गावाला गेलेली असतात, आधी लॉग चॅनेल, मग कुलपं, मग चार दिवस नुसतं बघा काय उडतंय, आणि शब्दांना त्यानंतर हात लावा. ॲन्सर की यायच्या दिवशी तर सेटिंगला अजिबात हात लावू नका, त्या दिवशी सगळेच लिंक टाकतात.